विसार देण्याआधी घर किती वेळा बघावं?



आमच्या धाकट्यासाठी फ्लॅट बघणं चाललंय, हे मंदिरात आता सगळ्यांना माहीत झालंय. त्यामुळे हल्ली दर्शनाला गेलं की कुणी ना कुणी विचारतंच, "काकू, घर किती वेळा बघून ठरवायचं हो?" विचारणाऱ्यांत दोन टोकं आहेत. एकीच्या घरी पहिल्याच भेटीत विसार देऊन मोकळे झालेत आणि वर "यांना घर बघताक्षणी कळतं" असं कौतुक. दुसरीकडे अकरा वेळा जाऊन आलेत आणि अजून "मनात बसत नाही" म्हणतात.

माझं मत आधीच सांगून टाकते. चार वेळा. पहिल्या भेटीत एक रुपयाही द्यायचा नाही आणि पाचव्यांदा जायचं नाही. त्या चारांतली एक भेट घरातल्या बाईची एकटीची असली पाहिजे. सोबत सासू, जाऊ, बहीण कुणी असेल तर चालेल, पण पुरुषमंडळी आणि एजंट नकोत. आकड्यावर वाद घाला, तीन म्हणा, पाच म्हणा, मी भांडणार नाही. एकटीच्या भेटीवर मात्र मी हटून बसते.

मी कॉमर्सची. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं उलटली, पण हिशेबाची सवय काही सुटत नाही. समजा फ्लॅट ४५ लाखांचा आहे. रविवारी सकाळी अकरा वाजता एजंटबरोबर सगळे जातात, हॉल बघतात, बेडरूम बघतात, गॅलरीत उभं राहून फोटो काढतात आणि पंधरा मिनिटांत खाली येतात. म्हणजे मिनिटाला तीन लाख झाले. मुलीच्या लग्नाचा शालू घेताना आपण दुकानात तीन-तीन तास बसतो, पदर उलटून बघतो, उजेडात नेऊन रंग बघतो. घराच्या बाबतीत उजेडात नेऊन बघायची ही सवय कुठं जाते कोण जाणे.

आता दुसरा हिशेब बघा. त्या घरात कोण किती तास राहणार? माझा मुलगा सकाळी नऊला बाहेर पडतो आणि सातला येतो. रविवार सोडला तर घराचा दिवसाचा उजेड तो बघतच नाही. सूनबाई घरून काम करते, नातू लहान आहे, आणि मी त्यांच्याकडे गेले की मीही दिवसभर घरातच. भेट ठरते मात्र ज्याला रविवार मोकळा आहे त्याच्या सोयीनं. एजंटही हुशार असतो. आपण यायच्या आधी तो खिडक्या उघडतो, सगळे दिवे लावतो, पंखे फिरते ठेवतो. भर दुपारी लावलेले दिवे दिसले की मी आधी ते बंद करायला सांगते.

पहिली भेट कशासाठी असते? माझ्या मते फक्त नकार देण्यासाठी. सगळ्यांनी मिळून जावं, दहा-पंधरा मिनिटं बघावं आणि हे घर आपल्याला नकोच असं ठरतंय का ते बघावं. तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि घरात गुडघे दुखणारी सासू असेल तर विषय संपला. मंदिर चालत जाण्यासारखं नसेल तर आमच्याकडे तिथंच फुली. दर्शन झाल्याशिवाय तोंडात पाणी न घालणारी माणसं घरात असतील आणि मंदिरात जायला रोज रिक्षा करावी लागणार असेल, तर चार महिन्यांत एक तर नियम सुटतो नाहीतर घर नकोसं होतं. नकार द्यायला एवढा वेळ पुरतो. होकार द्यायला पुरत नाही.

दुसरी भेट एकटीची. त्या दिवशी घाई नको. एक सामायिक होईल इतका वेळ, म्हणजे दोन घडी, ४८ मिनिटं त्या घरात काढायची. घरमालकिणीला आधी फोन करून विचारायचं, "वहिनी, संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या वेळेला आले तर चालेल का? तुमचं काम चालू दे, मी नुसती बसेन." बहुतेक जणी हो म्हणतात. एजंट कुरकुरतो. कुरकुरू दे.

संध्याकाळचीच वेळ का, ते आपल्यातल्या बायकांना वेगळं सांगायला नको. आपला दुसरा स्वयंपाक सूर्यास्ताच्या आत उरकायचा असतो. मे महिन्यात सांगलीत सातच्या सुमारास सूर्य मावळतो आणि डिसेंबरात सहाच्या सुमारास. म्हणजे थंडीत साडेचार-पाचला भाजी फोडणीला पडली पाहिजे, आणि त्या वेळी ओट्यावर धान्य, भाजी डोळ्यांनी नीट निवडता येईल एवढा उजेड पाहिजे. बारीक किडा, अळी, पालेभाजीच्या देठातलं काही बल्बखाली दिसत नाही. मी आता साठी ओलांडली, मला तर अजिबात दिसत नाही. मे महिन्यात घर बघत असाल तर ही तासाभराची तफावत मनात धरूनच बघा. आणखी एक, स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर रिकामा प्लॉट असेल तर तो उजेड उसना आहे. उद्या तिथं चार मजले उभे राहिले की दुपारी बारालाही दिवा लावावा लागेल.

मग पाणी. नळाला महापालिकेचं पाणी किती वाजता आणि किती वेळ येतं, बोअरचं पाणी कुठल्या नळाला आहे, पिण्याचं वेगळं भरून ठेवायला जागा आहे का. छन्नं बांधून पाणी गाळायचं तर नळ आणि खालचं भांडं यांत तेवढं अंतर पाहिजे. हल्लीच्या सिंकमध्ये कळशी उभी राहत नाही. जिवाणी परत सोडता येईल अशी विहीर आवारात किंवा जवळपास आहे का, तेही बघायचं. चातुर्मासात महाराज गावात असताना ज्यांना आपल्या घरी चौका लावायचा असतो त्यांना विहिरीचं पाणी लागतंच, आणि पडगाहनाला दाराबाहेर चार माणसं उभी राहतील एवढी जागाही लागते. लिफ्टचं दार आणि आपलं दार समोरासमोर, मध्ये हातभर जागा, अशा इमारती आता फार झाल्यात. एजंटला हे सांगून उपयोग नाही. त्याला वाटतं आपण किंमत पाडायला कारणं शोधतोय.

बसल्या बसल्या मालकिणीशी गप्पा मारायच्या. "घर कसं आहे?" असं विचारू नका, त्यावर कुणीही चांगलंच सांगणार. "पावसाळ्यात धुणं कुठं वाळत घालता?" विचारा. "उन्हाळ्यात दुपारी कुठल्या खोलीत झोपता?" विचारा. "पाहुणे आले की गाद्या कुठं ठेवता?" विचारा. ती हसत हसत सगळं सांगते. दुपारी आम्ही मधल्याच खोलीत झोपतो, पश्चिमेच्या खोलीची भिंत रात्री दहापर्यंत तापलेली असते, असं मला एकीनं अगदी सहज सांगितलं. तिच्या यजमानांनी तीच खोली आम्हाला "मास्टर बेडरूम" म्हणून दाखवली होती. त्यात फसवणूक नव्हती हो. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं, ते दुपारी घरी नसायचे.

टेप बरोबर न्या आणि स्वतः मापं घ्या. जुन्या फ्लॅटच्या बोलण्यात अजून "सुपर बिल्टअप" चालतं. त्यात जिना, लिफ्ट, व्हरांडा सगळं येतं. रेराच्या २०१६ च्या कायद्यात कार्पेट क्षेत्राची व्याख्या ठरवून दिली आहे. आतल्या भिंती त्यात धरतात, बाहेरच्या भिंती, डक्ट आणि फक्त आपल्या वापराची गॅलरी किंवा गच्ची धरत नाहीत. ९०० चौरस फूट म्हणून सांगितलेलं घर टेप लावल्यावर ६५० निघालं तर आश्चर्य वाटून घेऊ नका. मात्र दर ठरवताना कुठल्या फुटाचा दर चाललाय ते विचारा.

तिसऱ्या भेटीत घरात जायचंच नाही. कुणाला सांगायचंही नाही. रात्री आठ-साडेआठला नवरा-बायकोनं त्या रस्त्यानं फिरायला म्हणून जावं. मंदिरातली आरती आटोपून परत येताना तो रस्ता कसा आहे, दिवे आहेत का, कुत्री किती, समोर मंगल कार्यालय असेल तर लग्नसराईत काय होतं, पार्किंगमध्ये गाड्या कशा लागतात, सगळं दहा मिनिटांत कळतं. वॉचमनशी दोन शब्द बोलावेत. इस्त्रीवाला असेल तर त्याच्याशी चार बोलावेत, त्याला वॉचमनपेक्षा जास्त माहीत असतं.

शेजाऱ्यांबद्दल एक सांगते, थोडं कडू लागेल. आपल्यात घर बघायला गेलं की पहिला प्रश्न "बिल्डिंगमध्ये आपले लोक किती?" मी तो प्रश्न विचारणं सोडलं आहे. शेजारी काय खातो हा त्याचा प्रश्न. त्याच्या एक्झॉस्ट फॅनचं तोंड माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे आहे का, हा माझा प्रश्न. आणि तो संध्याकाळी तिथं जाऊन उभं राहिल्यावर कळतो, आडनावांची पाटी वाचून कळत नाही. आडनावं विचारत हिंडणाऱ्याला उद्या दुसऱ्या कुणी आपलं आडनाव ऐकून घर नाकारलं तर कसं वाटेल, तेही मनात आणून बघावं. आमच्या आत्ताच्या घराशेजारी वीस वर्षं जे कुटुंब आहे ते आपलं नाही. पर्युषणात मला उपवास असला की समोरची वहिनी दुपारी बेल वाजवत नाही, पोरांना दंगा करू देत नाही. सगळीकडे असंच असेल असं मी म्हणत नाही, पण पाटीवरून ते कळलं नसतं एवढं खरं.

चौथी भेट पावसाची. सांगली-कोल्हापूरकडच्या मैत्रिणींना पाऊस म्हटल्यावर काय आठवतं ते माहीत आहे. २००५, २०१९, २०२१. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. आपल्याकडे गावात ऊन पडलेलं असतानाही पूर चढतो, कारण पाणी वरून, कोयनेतून आणि घाटातल्या पावसाचं येतं. त्यामुळे मार्च महिन्यातल्या कोरड्या अंगणात उभं राहून "इथं पाणी येत नाही" म्हणणाऱ्याचं ऐकू नये. महापालिकेत पूररेषेचा नकाशा बघता येतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नकाशा बघाच, पण तळमजल्यावरच्या बाईलाही विचारा, "२०१९ ला तुमचं सामान कुठं हलवलं होतं?" ती भिंतीवर हात ठेवून पाणी कुठपर्यंत आलं ते दाखवते.

पुराचं भय नसलेल्या भागातही पावसातली भेट हवीच. नवा रंग दिलेल्या भिंतीवर ओल दिसते ती पाऊस लागून राहिल्यावर. ओल म्हणजे निव्वळ रंगाचा खर्च असं पुरुषांना वाटतं. आपल्या घरात त्याचा अर्थ वेगळा होतो. ओल आली की बुरशी आली, कपाटात कसर आली, मोरीत झुरळं, पिठाच्या डब्यात जाळी. मग एक दिवस घरातलं कुणीतरी म्हणतं, पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. आपण दाराबाहेर उभ्या राहतो आणि आत जे व्हायचं ते होतं. मुंगीला पाय लागू नये म्हणून खाली बघून चालणाऱ्या बायका आपण. कोरडं, हवेशीर घर निवडणं हे त्या फवाऱ्याच्या कितीतरी आधी करायचं काम आहे. म्हणून माझ्या लेखी ओल हा किमतीत घासाघीस करायचा मुद्दा नाही, सरळ नकार द्यायचा मुद्दा आहे.

पावसाळा सहा महिने लांब असेल तर? मग गच्चीवर जा, पाण्याच्या टाकीखालचा स्लॅब बघा, सगळ्यात वरच्या मजल्यावरच्यांना छत गळतं का विचारा, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर पलीकडून हात ठेवून बघा. कपाट उघडायची परवानगी मागा आणि आत वास घ्या. वास लपवणं अवघड असतं. परदेशातली मुलं हल्ली व्हिडिओ कॉलवर घर बघतात आणि "बघितलं, छान आहे" म्हणतात. मी ती भेट मोजत नाही.

"काकू, एवढ्या भेटी होईपर्यंत घर जाईल की!" हे मला ऐकवलं जातं. एजंटची "दुसरी पार्टी उद्याच येतीय" ही तर ठरलेली ओळ. ती पार्टी कधी खरी असते, कधी नसते. पण चार भेटी म्हणजे चार महिने असं कुठं आहे? गुरुवारी संध्याकाळी एकटीची भेट, त्याच रात्री रस्त्यावरची फेरी, शनिवारी कागद वकिलाकडे. आठवड्यात सगळं होतं. पुण्या-मुंबईत फारच घाई असेल तर एकाच दिवशी सकाळी आणि संध्याकाळी जा, त्या दोन भेटी धरा. एकाच वेळेला, त्याच माणसांबरोबर, तोच हॉल तीनदा बघितला तर ती मी एकच धरते. आणि एवढं करूनही घर दुसऱ्यानं घेतलंच तर घेऊ दे. विसार देऊन माघार घेताना जे भांडण होतं त्यापेक्षा हे परवडलं. माझ्या एका मैत्रिणीच्या यजमानांनी पहिल्याच रविवारी एक लाख विसार दिला. तिनं घर बघितलं ते खरेदीखताच्या आदल्या दिवशी. स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडते. सात वर्षं झाली, ती सकाळी सातला दिवा लावून पोळ्या करते. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, वकील, कपाटं यांत काही लाख एकदा गेले की घर बदलायचा विषय कुणी काढत नाही.

आता पाचव्या भेटीबद्दल, जी नको म्हणते. इथं मी विकणाऱ्याच्या बाजूनं बोलते, कारण ती बाजूही मी पाहिली आहे.

गावभागातलं आमचं जुनं घर आम्ही २०२२ साली विकलं. २०१९ च्या पुरात त्यात छातीइतकं पाणी होतं. येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही ते आधीच सांगत होतो, भिंतीवरची खूण रंगवून टाकली नव्हती. सासूबाई तेव्हा चौऱ्याऐंशीच्या. लग्न होऊन त्या याच घरात आलेल्या, सगळी बाळंतपणं याच घरात झालेली. त्यांचा पलंग माजघरात होता. एक कुटुंब नऊ वेळा आलं. दर वेळी नवं कुणीतरी बरोबर. कधी मेहुणे, कधी वास्तुवाले, कधी नुसत्याच मैत्रिणी, "बघून तर जाऊ" म्हणून आलेल्या. दर वेळी मी सकाळपासून घर आवरायचे, दर वेळी चहा. आणि दर वेळी ते सासूबाईंच्या पलंगाशेजारी उभं राहून बोलायचे: ही भिंत पाडू, देवघर इथून काढू, हे जुनं दार भंगारात जाईल. त्यांना वाटायचं म्हातारीला ऐकू येत नसेल. सातव्या की आठव्या वेळी ते गेल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, "अगं, आज कुठली भिंत पाडली?" मी हसले, त्याही हसल्या, पण त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. नऊ भेटींनंतर त्या कुटुंबाचा फोन येणं बंद झालं. नाही असंसुद्धा कुणी कळवलं नाही.

ज्यांनी घर घेतलं ते तीनदाच आले. दुसऱ्या वेळी ती मुलगी एकटी आली, सकाळी पाणी येतं त्या वेळेला. नळाखाली हात धरून बघितला, परसात जाऊन आली, मग सासूबाईंच्या पलंगावर टेकली आणि म्हणाली, "आजी, पूर आला तेव्हा तुम्ही कुठं होतात?" सासूबाईंनी तिला सगळं सांगितलं. नाव कुठं लागली, देव कुणी डोक्यावरून नेले, परत आल्यावर चिखल किती दिवस काढला. पाऊण तास बोलत होत्या. त्या मुलीला त्या पाऊण तासात जे कळलं ते नऊ वेळा आलेल्यांना कळलं नाही. पुढच्या आठवड्यात नवऱ्याला घेऊन आली, भाव ठरला, त्या घराचा पाया कसा उचलून घ्यायचा हे तिनं आधीच कुणालातरी विचारून ठेवलं होतं.

कॉलेजात आम्हाला घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धांत शिकवताना सर आंब्याचं उदाहरण द्यायचे. पहिल्या आंब्याची गोडी पाचव्याला नसते. घराच्या भेटींचंही तेच आहे, फक्त एक फरक आहे. आंबे आपण स्वतःचे खातो, भेटीत मात्र दुसऱ्याचा वेळ खातो. पाचव्यांदा जाणारा माणूस बहुतेक वेळा घर बघायला जातच नसतो. त्याला किमतीची भीती वाटत असते, किंवा भावाची संमती हवी असते, किंवा नाही म्हणायचा संकोच असतो. यातलं काहीही त्या घराच्या भिंतीवर लिहिलेलं नसतं. ते आपल्या घरी बसून बोलायचं. घरी दोन मतं असतील तर दोघांनी आपापलं कारण कागदावर लिहावं. आमच्याकडे हे केलं तेव्हा कळलं की मुलाला घर आवडलं नव्हतंच, त्याला पार्किंग आवडलं होतं.

कागदांचं थोडक्यात सांगते, कारण तो वकिलाचा विषय आहे, पण "ते सगळं हे बघतात" म्हणून सोडून देऊ नका. कागद तिसऱ्या आणि चौथ्या भेटीच्या मध्ये बघायचे. इंडेक्स टू वर विकणाऱ्याचंच नाव आहे का, सगळे मालक सही करणार आहेत का, कर्ज असेल तर बँकेचं पत्र, इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र, सिटी सर्व्हेचा उतारा, सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला, घरपट्टी आणि वीजबिल. मागच्या ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट वकिलाकडून काढून घ्या. विसाराची रक्कम चेकनं द्या आणि कागद नापास झाले तर ती परत मिळेल असं पावतीत लिहून घ्या. महाराष्ट्रात निवासी घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, २०२१ पासून. ४५ लाखांवर ४५ हजार होतात. घरात हे बोलून दाखवायला लाजू नका. किंमत ५० लाख किंवा त्याच्या वर गेली तर घेणाऱ्यानं एक टक्का टीडीएस कापून सरकारात भरायचा असतो, तो विकणाऱ्यावर ढकलायचा नसतो.

नवीन बांधकाम असेल तर बघायला घरच नसतं, नुसता सॅम्पल फ्लॅट असतो. त्यातली गादी आखूड असते, कपाटांना खोली नसते, आतल्या खोल्यांना दारं नसतात, म्हणून सगळं मोठं दिसतं. तिथं चार वेळा जाऊन काही मिळत नाही. त्याच बिल्डरची पाच-सात वर्षांपूर्वीची इमारत शोधा आणि माझ्या चारही भेटी तिथं करा, तिथल्या बायकांना भेटा. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक घालून मुदत आणि मंजूर नकाशे बघता येतात. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

एक गोष्ट मात्र सगळ्या भेटींना लागू. नाही म्हणायचं ठरलं की त्याच दिवशी फोन करा. एजंटला नाही, घरमालकांना. "तुमचं घर चांगलं आहे, आमच्या गरजेत बसलं नाही, तुमचा वेळ घेतला, क्षमा असावी," एवढं पुरे. वर्षातून एकदा सगळ्यांची क्षमा मागणाऱ्या आपल्या समाजाला हा फोन इतका जड का जातो, मला कळत नाही.

आमच्या धाकट्याचं विचाराल तर विश्रामबागेतल्या एका फ्लॅटच्या तीन भेटी झाल्या आहेत. सूनबाई गेल्या गुरुवारी साडेचारला जाऊन आली, बरोबर टेप आणि नातू दोन्ही. नातवानं गॅलरीच्या गजांतून डोकं जातं का ते बघितलं, जात नाही. वायव्येच्या खोलीत थोडा वास आहे असं तिचं म्हणणं, मुलाला आला नाही. कागद वकिलांकडे आहेत. दशलक्षण पर्व सुरू व्हायच्या आधी हो की नाही ते कळवतो असं घरमालकांना सांगितलं आहे. आता एका चांगल्या पावसाची वाट बघतोय.